पशुधनाचा हिशेब आणि तुटलेले अरण्य



मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी १८ टक्के पशुपालनातून येतात, हा आकडा शाकाहाराच्या व्यासपीठांवरून वारंवार ऐकविला जातो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेने तो २००६ साली प्रसिद्ध केला. त्याच संघटनेने २०१३ मध्ये १४.५ आणि २०२३ मध्ये सुमारे १२ टक्के असे सांगितले. मग गुरे घटली काय? मुळीच नाही, जगातील गोधन या काळात वाढलेच. बदलली ती मोजणी; आणि तिच्यातील सर्वांत डळमळीत रकाना अरण्याचा आहे.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या जठरात सूक्ष्मजीव चारा आंबवितात आणि मिथेन ढेकरेवाटे बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या मापाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापदायक ठरतो. जनावरांची संख्या व चारा ठाऊक असल्यास त्याचा अंदाज बांधता येतो. अरण्याचे तसे नाही. ते एकदाच तुटते. झाडांत व मातीत पिढ्यान्‌पिढ्या साठलेला कार्बन थोडक्या काळात हवेत जातो, आणि त्या भूमीवर गुरे मात्र वर्षानुवर्षे चरतात. त्या तोडीचा भार कोणत्या वर्षाच्या गुरांवर टाकावा? रूढ पद्धतीने तो वीस वर्षांत वाटतात. म्हणजे एकविसाव्या वर्षी तेच कुरण कागदोपत्री निष्कलंक!

ब्राझीलच्या ॲमेझॉन खोऱ्यात तोडलेल्या भूमीचा बहुतांश भाग कुरणांखाली गेला. उपग्रहांच्या मोजणीनुसार तेथे २००४ साली २७,००० चौरस किलोमीटरहून अधिक, तर २०१२ साली पाच हजारांहूनही कमी अरण्य तुटले. कोणती वर्षे व कोणती तोड हिशेबात धरली, यावर उत्तर पालटते. पशुधनाच्या एकूण उत्सर्जनात वनतोडीचा वाटा २००६ च्या अहवालात सुमारे एकतृतीयांश होता, २०१३ च्या अहवालात नऊ टक्क्यांच्या आसपास. शिवाय राष्ट्रांच्या अधिकृत वह्यांत ढेकर शेतीच्या खात्यात पडते आणि तोड भूमीवापराच्या. ब्राझीलचे सोयाबीन परदेशी डुकरांनी खाल्ले, तरी तुटलेले वन ब्राझीलच्याच नावे राहते.

२००९ साली एका अमेरिकी नियतकालिकाने ५१ टक्के असाही आकडा मांडला. त्यात जनावरांचा उच्छ्वासही धरला होता. वस्तुतः तो कार्बन गवताने हवेतूनच घेतलेला असतो. सत्यव्रताची चाड असलेल्याने, आपल्या पक्षाला सोयीचा असला तरी, हा आकडा वापरू नये.

तोच नियम दुधालाही लागू आहे. महाराष्ट्रातील म्हैस मुख्यत्वे कडबा, भुसा व पेंड खाते. तिच्या कडब्यासाठी वेगळे रान तुटत नाही. परंतु दूध थोडे असल्याने लिटरमागे मिथेन अधिक पडतो. पांजरपोळातील भाकड गाय तर दूध न देताही रवंथ करते. जीवदयेने तिला पोसणे कर्तव्यच. पण हिशेबात तिच्यापुढे शून्य मांडता येत नाही. तिचे शेण गोबरगॅस संयंत्रात गेल्यास त्यातील मिथेन चुलीत जळतो. ढेकर मात्र उरते.