संतांचा स्वतःचा जबाब

(शेतकरी व कारागीर बंधुभगिनींपुढें केलेलें भाषण)



सावकाराचें खत पुढें आलें म्हणजे आपण विचारतों, हें लिहिलें कोणीं, केव्हां, आणि साक्षीला कोण होतें? हाच प्रश्न संताच्या चरित्राला विचारला तर पाप लागतें, असें आपल्या मनांत भरविण्यांत आलें आहे. आम्ही म्हणतों, खुशाल विचारा. संताची खरी ओळख तेथूनच होते.

तुकोबारायांचेंच घ्या. त्यांनीं आपली हकीकत आपल्याच अभंगांत सांगून ठेविली आहे. तीही संतांनीं विचारलें म्हणून, संकोचानें. त्यांत काय आहे? आपण जातीचे शूद्र, धंदा वाण्याचा. आईबाप गेले. दुष्काळानें पैसा नेला, अब्रू नेली, एक बायको अन्नावांचून मेली. धंदा बसला, लाज वाटूं लागली. मोडकें देऊळ नीट करावें असें मनांत आलें. कीर्तनाची संवय नव्हती, म्हणून आधीं संतांचीं वचनें पाठ केलीं. यांत चमत्कार कोठें आहे? १६३० च्या सुमारास दुष्काळ पडला होता, हें इतर कागदांवरूनही सिद्ध आहे.

आतां त्यांची सचोटी पाहा. बाबाजींनीं मंत्र दिला, त्याची तिथि आणि वारही ते सांगतात. पण हें स्वप्नांत घडलें, असें स्वच्छ सांगतात. नामदेवराय पांडुरंगासह आले, तेंही स्वप्नांतच. वाण्यानें रोख आणि उधार वेगळें मांडावें, तसें त्यांनीं जागेपण आणि स्वप्न वेगळें मांडलें आहे.

वह्यांची गोष्टही तशीच. मनाई झाली, मन दुखावलें, वह्या बुडविल्या, धरणें धरून बसलों, हें जगांत घडलेलें. देवानें पाण्यांत कागद राखले, हा त्यांच्या अंतरींचा अनुभव. त्याला साक्षीदार ते एकटेच. त्या अनुभवाला आम्ही हात जोडतों. पण मनाई झाली, ही गोष्ट त्याच्या आड लपवूं देणार नाहीं!

पुढें ताहराबादच्या महिपतींनीं १७६२ सालीं 'भक्तविजय' व १७७४ सालीं 'भक्तलीलामृत' रचलें. तुकोबा गेले १६५० च्या सुमारास. म्हणजे मध्यें शंभरांवर वर्षें लोटलीं. महिपतींना आम्ही लबाड म्हणत नाहीं. आपण जुन्या ग्रंथांच्या आधारें लिहितों, असें ते स्वतःच सांगतात. त्यांचें प्रेम खरें. पण ऐकीव तें ऐकीवच.

आयाबहिणींनीं बहिणाबाईंचें आत्मकथन ऐकावें. ब्राह्मणाच्या घरची ही बाई, तिनें शूद्र तुकोबांना गुरु केलें. पहिला उपदेश तिलाही स्वप्नांतच झाला. नवऱ्यानें आपल्याला मारलें, हें ती लपवीत नाहीं. आपले मागचे बारा जन्मही ती सांगते. ते जन्म तिच्या श्रद्धेचे. तो मार मात्र तिच्या पाठीवरचा. दोन्ही एका मापानें मोजूं नका.

कोणी म्हणेल, एवढी चिकित्सा कशाला? तर यासाठीं कीं, चमत्कार चरित्राला खाऊन टाकतो. पोर म्हणतें, "तुकोबा देवाचेच होते, त्यांना जमलें; आपल्याला कसें जमणार?" आणि पाटी खालीं ठेवतें. दुष्काळांत बुडालेल्या माणसानें पाठांतर करून, मनाई सोसून वाणी मिळविली, हें त्याला कोणी सांगतच नाहीं. शिवाय चमत्काराची चटक लागली कीं कोणीही भोंदू दारीं येतो, आणि आपण नवसापायीं बैल विकतों.

म्हणून पोथी अवश्य वाचा. वाचतांना तीन गोष्टी विचारा: हें संत स्वतः सांगतो कीं दुसरा? डोळ्यांनीं पाहिलेलें कीं स्वप्नांतलें? सांगणाऱ्याला यांतून कांहीं मिळावयाचें आहे काय? तुकोबांना लाजेवांचून कांहीं मिळावयाचें नव्हतें, तरी त्यांनीं आपलें दिवाळें सांगितलें. अशा माणसाचा शब्द चमत्कारावांचूनही टिकतो. तो आपल्या मुलांना त्यांच्याच तोंडून ऐकवा, एवढीच आमची विनंती आहे.