उत्तर आणि रीत
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला बजावलंय, "एआयवर बोल, पण सगळ्यांना कळेल असं आणि जेवणाआधी संपेल असं." म्हणून सुरुवात गणिताच्या तासापासून करते.

आठवतंय ना? उत्तर बरोबर असलं तरी वहीत लाल शाईचा शेरा यायचा : 'रीत कुठे आहे?' पाचापैकी एकच गुण. तेव्हा फार राग यायचा. वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरचं काम केल्यावर आज म्हणते, बाईंचंच बरोबर होतं. रीत समोर असली की चूक कुठे झाली ते सापडतं. नुसतं उत्तर असलं की विश्वास ठेवा किंवा सोडून द्या, तिसरा मार्ग नाही.

आपण फोनवर ज्या एआयला प्रश्न विचारतो, ते असतं भाषा मॉडेल. अफाट मजकूर वाचून, पुढे कोणता शब्द येईल याचा अंदाज बांधायला ते शिकलेलं असतं. हे शिक्षण अब्जावधी आकड्यांच्या रूपात साठवलेलं असतं. बहुतेक प्रसिद्ध मॉडेलांचे हे आकडे कंपनीच्या कुलपात असतात. आपण प्रश्न पाठवायचा, तिकडून उत्तर येणार. रीत नाही.

याचा फटका आमच्या टीमला बसला. मराठीत आलेल्या तक्रारींची वर्गवारी करायला आम्ही अशीच एक सेवा घेतली होती. काम छान चाललं होतं. एक दिवस त्या कंपनीने जुनी आवृत्ती बंद करून नवी आणली, आणि 'नळाला गढूळ पाणी येतंय' ही तक्रार 'रस्त्यावर पाणी साचणे' या खात्यात जाऊ लागली. का, ते कळेना. जुनी आवृत्ती परत मिळेना. महिन्याचं बिल मात्र वेळेवर येत होतं.

तेव्हा आम्ही खुल्या साधनांकडे वळलो. खुली म्हणजे ज्यांचा कोड कुणालाही वाचता, बदलता आणि स्वतःच्या यंत्रावर चालवता येतो अशी. यातली एक गोष्ट मला फार आवडते. फेब्रुवारी २०२३मध्ये मेटा कंपनीने 'लामा' नावाचं मॉडेल संशोधकांना दिलं. पुढच्याच महिन्यात बल्गेरियाच्या जॉर्जी गेरगानोव या प्रोग्रामरने ते साध्या लॅपटॉपवर चालवणारा 'लामा डॉट सीपीपी' हा प्रोग्रॅम लिहून सगळ्यांसाठी खुला केला. युक्ती आपल्या शाळेतल्या गणिताचीच आहे. सात अब्ज आकडे, प्रत्येकाला दोन बाइट, म्हणजे १४ जीबी जागा. पण प्रत्येक आकडा थोडा ढोबळ करून चार बिटांत बसवला, की हेच काम चार जीबीच्या आसपास होतं. अचूकता थोडी घटते, पण मॉडेल घरात येतं. मी वायफाय बंद करून ते चालवलं तेव्हा आईने विचारलं, "नेट नाही, मग हे बोलतंय कोण?" आपल्यातल्या डॉक्टरांनी आणि वकिलांनी या प्रश्नाचा जरूर विचार करावा. पेशंटचा किंवा अशिलाचा कागद खोलीबाहेर न जाता काम होऊ शकतं.

मॉडेल हातात आल्यावर आम्हाला आत डोकावता आलं. मॉडेल मजकूर वाचण्याआधी त्याचे तुकडे करतं, त्यांना टोकन म्हणतात. 'स्कूल' हा शब्द इंग्रजी लिपीत लिहिला की संगणकात सहा बाइट लागतात. आपल्या 'शाळा'ला लागतात बारा. मराठी फारशी न वाचलेलं मॉडेल या एवढ्याशा शब्दाचे बारीक बारीक तुकडे करतं. काम हळू होतं, आणि टोकनमागे पैसे मोजत असाल तर बिलही वाढतं. आमच्या सगळ्या चुका यातूनच आल्या असं नाही, पण कुठे बघायचं ते तरी कळलं. मराठीचे कमी तुकडे करणारं दुसरं खुलं मॉडेल आम्ही निवडलं, आमच्या तक्रारींची उदाहरणं देऊन त्याला थोडं शिकवलं. आज ते आमच्या डिस्कवर आहे. आम्हाला न विचारता ते बदलत नाही.

पण 'खुलं' या पाटीला भुलू नका. अनेक जण नुसते तयार आकडे देतात. मॉडेलला काय वाचायला दिलं, ते सांगत नाहीत. ही पुस्तकामागची उत्तरसूची झाली. रीत दाखवणारे थोडे आहेत. अमेरिकेतल्या ॲलन इन्स्टिट्यूटने २०२४मध्ये 'ओल्मो' मॉडेल दिलं, ते त्याच्या वाचनाच्या मजकुरासकट. त्याआधी २०२२मध्ये हजाराहून अधिक संशोधकांनी मिळून 'ब्लूम' घडवलं. फ्रान्सच्या सरकारी महासंगणकावर ३८४ जीपीयू मार्च ते जुलै त्यासाठी राबत होते. म्हणजे खुलं म्हणजे फुकटात तयार झालेलं, असंही नाही. कुणीतरी तो खर्च सगळ्यांसाठी उचललेला असतो.

ब्लूम ४६ भाषा शिकलं, त्यांत मराठी आहे. पण त्याच्या वाचनात इंग्रजीचा वाटा सुमारे ३० टक्के, आणि मराठीचा पाव टक्क्याहूनही कमी. हे वाचून वाईट वाटलं. मग लक्षात आलं, त्यांनी रीत दाखवली म्हणून तर हे कळलं! कुलपातल्या मॉडेलने मराठी किती वाचली, हे आपल्याला विचारताही येत नाही.

ही कमतरता परदेशातला कुणी भरून काढणार नाही. मराठी विकिस्रोतावर जुनी, कॉपीराइट संपलेली पुस्तकं तपासून चढवायला माणसं लागतात. मोझिलाच्या 'कॉमन व्हॉइस'वर मराठी आवाज लागतात. तिथे वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी वळणाची मराठी बोलणारे आले, तर ती यंत्रं आपल्या आजीचंही बोलणं समजून घेतील. यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. शुद्धलेखनाला धाक दाखवून आपल्याला घडवणारे सर इथेच बसलेत, त्यांच्याइतका चांगला तपासनीस कुठे मिळणार?

आणि एक शेवटचं. ग्रंथालयाच्या कपाटात आपल्या शाळेची हस्तलिखितं आहेत. ज्यांनी ती लिहिली, त्यांतले बरेच जण आज या सभागृहात आहेत. त्यांची परवानगी घेऊन, ती टाइप करून खुल्या परवान्याखाली ठेवावीत, असं मी सुचवते. माझी आठवीतली कविता मी आत्ताच देऊन टाकते. ती वाचून एखादं मॉडेल बिघडलं, तर निदान कशामुळे बिघडलं, हे सगळ्यांना कळेल.