हिमालयाची घडण आणि आपली घरे



नेपाळमधील कालीगंडकीच्या पात्रात सापडणारा शालिग्राम अनेक देवघरांत पूजिला जातो. भूशास्त्रज्ञ त्याला अमोनाइट या सागरी प्राण्याचा जीवाश्म म्हणून ओळखतात. सागरातील प्राण्याचे अवशेष हिमालयाच्या कुशीत कसे पोहोचले, या प्रश्नाच्या उत्तरात त्या पर्वताचा इतिहास सामावलेला आहे.

पृथ्वीचे कवच अनेक भूपट्टांचे बनलेले आहे. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड मादागास्करपासून विलग होऊन उत्तरेकडे सरकू लागला. या प्रवासातच, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, लाव्हारसाचे थर साचून दख्खनचे पठार घडले. वाटेतील टेथिस सागराचा जड तळ आशियाखाली शिरत गेला आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी दोन्ही भूखंड एकमेकांस भिडले. सिंधू व त्सांगपो नद्यांच्या खोऱ्यांलगत हा सांधा आजही ओळखता येतो.

भूखंडाचे खडक हलके असल्याने ते सागरतळाप्रमाणे सहज खाली जात नाहीत. त्यामुळे भारताच्या कडेचे थर तुटून एकमेकांवर चढले. टेथिसच्या तळाचा गाळही त्यांच्याबरोबर उचलला गेला. एव्हरेस्टच्या माथ्यावरील चुनखडक सागरातलाच आहे. याच सीमेच्या पूर्व टोकास, अंदमानजवळ, मात्र सागरतळ अद्याप खाली शिरत आहे. २००४ ची त्सुनामी त्याच हालचालीतून उद्भवली.

भारत आजही आशियाकडे वर्षाला सुमारे ४ ते ५ सेंटिमीटर सरकतो. त्यातील सुमारे २ सेंटिमीटर हालचाल हिमालयाच्या वाट्यास येते. तेथे खडक परस्परांत अडकून राहतात, ताण साठतो आणि अखेर एकाएकी मोकळा होतो. कांगडा (१९०५), बिहार-नेपाळ (१९३४), आसाम (१९५०) आणि नेपाळ (२०१५) येथील भूकंप त्याचीच साक्ष देतात.

महाराष्ट्र या सीमेपासून दूर असला, तरी तिचा दाब भूपट्टाच्या अंतर्भागापर्यंत पोहोचतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाचा संबंध शास्त्रज्ञ या दाबाशी जोडतात. तेथे हजारो माणसे मृत्युमुखी पडली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवदे कोसळल्याने.

भूपट्टांची गती रोखणे मानवाच्या हाती नाही. घर कसे बांधावे हे मात्र आहे. भिंतीचे आतील व बाहेरील थर सांधणारे लांब दगड, दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून चारही भिंतींना आवळणारा काँक्रीटचा सलग पट्टा आणि हलके छप्पर, एवढ्याने अनेक प्राण वाचू शकतात. शाळेची खोली असो वा पंचायतीची इमारत, बांधकामास मंजुरी देतानाच ही दक्षता घेतली गेली पाहिजे.