मातीचे पांघरूण
(संघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि निधीचा हिशेब झाल्यावर आम्ही पालापाचोळ्याविषयी बोलावयास उभे राहिलो, याचे आपणांस हसू येईल. परंतु या पाचोळ्यापायी आमच्या हातून एक अपराध घडला आहे. त्याची कबुली द्यावी, म्हणूनच हा विषय निवडला.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या मातोश्री भांडी विसळलेल्या पाण्यावर परसातील वांगी-मिरच्या जगवीत असत. प्रत्येक रोपाभोवती त्या कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि गुरांपुढची उष्टी चिपाडे पसरीत. पुढे आम्ही चार बुके शिकलो, नोकरीस लागलो, आणि परस स्वच्छ दिसावे म्हणून एका फाल्गुनात तो सारा ‘कचरा’ झाडून पेटवून दिला. मातोश्री एवढेच म्हणाल्या, “अरे, मातीलाही पांघरूण लागतं.” आम्ही हसलो. त्या वैशाखात दोन वेळा पाणी घालूनही भाजी करपली.

यामागील कारण साधे आहे. उघड्या मातीवर ऊन-वाऱ्याचा थेट मारा होतो. वरचा थर सुकतो आणि खालची ओल वर चढून उडून जाते. पावसाचे थेंब आदळून माती दबते, तिच्यावर कठीण पापुद्रा धरतो, आणि पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. आच्छादन हा सारा मार स्वतः सोसते. त्याखाली उजेड न पोहोचल्याने तण कमी उगवते, गांडुळांना थारा मिळतो, आणि पाला कुजून अखेर मातीसच मिळतो.

प्रथम तण काढून वाफ्यास भरपूर पाणी द्यावे; मगच वाळलेला पाला, भाताचा पेंढा किंवा उसाचे पाचट चार बोटे जाडीने पसरावे. बुंध्याभोवतीची जागा मात्र मोकळी ठेवावी. आमची दोन वांगी बुंध्याशी कुजली ती याच चुकीने. मेथी-कोथिंबिरीचे बी उगवून येईपर्यंत वाफ्यावर जाड थर घालू नये. बी धरलेले गवत वापरू नये. लाकडाचा भुसा मातीत मिसळू नये. तो कुजताना मातीतील नत्र ओढून घेतो आणि पाने पिवळी पडतात. पावसाळ्यात थर पातळ करावा, नाहीतर गोगलगायींचे फावते. वाळवी दिसताच पाला बाजूस सारावा. थर कुजून बसला की नवा घालावा.

आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबे आता शहरांत राहतात. त्यांच्या कुंडीतील माती थोडी, म्हणून ती अधिकच लवकर सुकते. तिच्यावर दोन बोटे वाळलेली पाने किंवा नारळाच्या शेंड्या पसराव्यात.

मातोश्री आज हयात नाहीत. पानगळीच्या दिवसांत कोठे पाचोळ्याचा धूर दिसला की त्यांचे ते वाक्य आम्हांस बोचते. म्हणून एकच विनंती आहे. येत्या उन्हाळ्यात प्रत्येक घराने एक वाफा, निदान एक कुंडी, झाकून पाहावी आणि शेजारची उघडी ठेवावी. दोहोंना सारखेच पाणी घालून दुसऱ्या दिवशी दोहोंच्या मातीत बोट खुपसावे. आमच्या शब्दांवर विश्वास ठेवण्याची मग गरजच उरणार नाही.