रेषेवरचा चेंडू

उन्हाळ्याची सुट्टी म्हटली म्हणजे मराठी घरांतील मुलांच्या डोळ्यांपुढें आजोळ उभें राहतें. आंब्याची अढी, विहिरींतलें पोहणें आणि कोणत्याही अपराधावर पांघरूण घालणारी आजी. अमेरिकेंतील मुलांची सुट्टीही अशीच लांबलचक असते. जूनच्या सुमारास शाळा सुटतात आणि ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरांत पुन्हां भरतात. परंतु त्या सुट्टींतील एखादा आठवडा तरी घराबाहेर, समवयस्कांच्या संगतींत, शिबिरांत काढावयाचा असा तेथील अनेक सुखवस्तु घरांचा परिपाठ आहे. कोणी रानांत तंबू ठोकून राहतो, कोणी तळ्यावर होडी वल्हवावयास शिकतो, आणि कोणी खांद्याला रॅकेट अडकवून एखाद्या विद्यापीठाच्या आवारांत टेनिस शिकावयास जातो. या शेवटच्या प्रकारच्या शिबिरांत मूल काय शिकतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विद्यापीठाचेंच आवार कां, याचें उत्तर अगदीं व्यवहाराचें आहे. परीक्षा संपतात, पदवीदानाचा समारंभ उरकतो, विद्यार्थी गांवोगांव पांगतात आणि आवार ओस पडतें. वसतिगृहांतील खोल्या रिकाम्या, भोजनगृह सुनें, क्रीडांगणें मोकळीं. विद्यापीठाच्या संघाचे शिक्षक आणि त्या संघांतील तरुण खेळाडू यांनाही या दिवसांत काम हवें असतें. एवढ्यांची सांगड घातली कीं शिबिर उभें राहतें. शिवाय अमेरिकेंत विद्यापीठ आणि टेनिस यांचें नातें जुनें आहे. महाविद्यालयीन खेळाडूंची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १८८३ सालीं झाली. कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे शिक्षक डिक गोल्ड यांनीं १९६६ पासून २००४ पर्यंत तेथील पुरुषांच्या संघाला शिकविलें आणि त्या काळांत संघानें सतरा वेळां राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें. अशा परंपरेच्या कोर्टावर एक आठवडा कां होईना पाय ठेवावयास मिळणें, याचें मुलांना केवढें अप्रूप वाटत असेल!

शिबिर बहुधा रविवारीं दुपारीं सुरू होतें. नऊ-दहा वर्षांपासून सतरा-अठरा वर्षांपर्यंतचीं मुलें आणि मुली मोटारींतून उतरतात. बारा वर्षांचा एखादा मुलगा डोळ्यांपुढें आणावा. आई त्याच्या खाटेवर चादर घालून देते, वडील खिडकी नीट लागते कीं नाहीं तें पाहतात आणि दोघेंही उगाच रेंगाळतात. मुलाला तीं जावींत असेंही वाटतें आणि जाऊं नयेत असेंही वाटतें. खोलींत दुसरी खाट असते, तिच्यावर एक अनोळखी मुलगा बसलेला असतो. दोघांच्याही तोंडून पहिला प्रश्न निघतो तो एकच : “तूं कितीं वर्षें खेळतोस?” त्या उत्तरावर दोघेही मनांतल्या मनांत एकमेकांची उंची मोजून घेतात. रात्रीं दिवे मालवले जातात, लांबलचक वऱ्हांड्यांतून कोणाच्या तरी पायांचा आवाज येतो, आणि घराची आठवण पहिल्यानें येते ती त्या वेळीं.

सोमवारीं सकाळीं मुलांचा खेळ पाहून त्यांच्या तुकड्या पाडल्या जातात. मग ऊन चढण्यापूर्वींच कामाला आरंभ होतो. टोपलींतून एकामागून एक चेंडू जाळ्यावरून येत राहतात आणि मुलगा ते परतवीत राहतो. शिक्षकाचे शब्द थोडे असतात, पण ते दिवसांतून शेंकडों वेळां उच्चारले जातात : चेंडूकडे पाहा, खांदा वळवा, पाय हलवा. टोपली रिकामी झाली कीं सर्वांनीं मिळून चेंडू वेंचावयाचे, टोपली भरावयाची आणि पुन्हां आरंभ. घरीं स्वतःचे मोजे न उचलणारा मुलगा येथें दिवसाला कित्येक शें चेंडू वांकून उचलतो आणि त्याबद्दल कुरकुर करीत नाहीं, कारण शेजारचाही तेंच करीत असतो. दुसऱ्या दिवशीं तळहाताला फोड येतात. दुपारीं कोर्टाची कठीण जमीन इतकी तापते कीं बुटांच्या तळांतून ऊब जाणवते; तासातासाला सावलींत बसवून पाणी पाजावें लागतें.

येथपर्यंत जें सांगितलें तें कोणत्याही तालमींत घडेल. टेनिसच्या शिबिराचें निराळेपण दुपारच्या सामन्यांत दिसून येतें. कोर्टें ओळीनें आंखलेलीं असतात. ठराविक वेळ खेळून झाल्यावर घंटा होते. जिंकणारानें वरच्या कोर्टावर जावयाचें, हरणारानें खालच्या. आठवड्याच्या अखेरीस पहिल्या कोर्टावर कोण पोंचतो याकडे साऱ्या वसतिगृहाचें लक्ष असतें. जेवतांना दुसरा विषय नसतो. आणि इतक्या चुरशीच्या या सामन्यांना पंच नसतो.

हा मुद्दा जरा उलगडून सांगावयास हवा. टेनिसचें कोर्ट अठ्ठ्याहत्तर फूट लांब असतें, आणि एकास एक अशा खेळांत तें सत्तावीस फूट रुंद धरतात. सीमेच्या बहुतेक रेषा एक ते दोन इंच रुंदीच्या असतात. चेंडू रेषेला नुसता स्पर्शून गेला तरी तो आंत पडला असें मानतात. वेगानें आलेला चेंडू जमिनीवर टेकतो तो क्षणाचा अगदीं लहानसा अंश. तेवढ्यांत तो आंत होता कीं बाहेर हें ठरवावयाचें असतें. मोठ्या स्पर्धांत हें काम रेषापंच करीत आले. परंतु मुलांच्या सामन्यांत पंच मिळणें शक्य नसल्यामुळें अमेरिकेंत असा दंडक आहे कीं, आपल्या बाजूच्या रेषांचा निर्णय ज्यानें त्यानें द्यावयाचा. फिर्यादी तोच, साक्षीदार तोच आणि न्यायाधीशही तोच! या विलक्षण न्यायालयाला कायद्याचें कलम एकच पुरतें : शंका आली तर निर्णय प्रतिपक्षाच्या बाजूनें द्यावयाचा. चेंडू बाहेर गेलेला स्पष्ट दिसला नसेल तर तो आंत होता. कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या आईबापांना किंवा मित्रांना या बाबतींत तोंड उघडण्याचा अधिकार नाहीं.

तो बारा वर्षांचा मुलगा आतां बुधवारच्या दुपारीं पाहावा. सकाळपासून तो तीन कोर्टें वर चढला आहे. आणखी एक गुण मिळाला कीं चौथें. समोरचा मुलगा जोराचा फटका मारतो, चेंडू उजव्या रेषेजवळ पडतो आणि डोळ्यानें कांहीं ठरविण्यापूर्वींच याच्या तोंडून शब्द निघून जातो : “बाहेर!” समोरचा मुलगा जाळ्यापाशीं येतो आणि शांतपणें विचारतो, “तुझी खात्री आहे?” एवढाच प्रश्न विचारण्याचा त्याला हक्क आहे. वाद घालण्याचा नाहीं.

खात्री! या शब्दापाशीं मुलगा थबकतो. “होय” म्हटलें तर संपलें. जगांतील कोणीही तें खोडून काढूं शकणार नाहीं. पण चेंडू पडला तेव्हां चेंडू आणि रेषा यांच्यामध्यें मोकळी जमीन त्यानें पाहिली होती काय? ती पाहिलीसें वाटतें, कारण ती पाहावयाची इच्छा होती. घंटा होण्याची वेळ जवळ आलेली असते. शेवटीं तो म्हणतो, “नाहीं. आंत होता.” नियमाप्रमाणें चुकीचा निर्णय फिरविणाराला तो गुण गमवावा लागतो. पुढचाही तो गमावतो, घंटा होते आणि तो खालच्या कोर्टावर जातो. टाळ्या वाजत नाहींत. ज्याच्याशीं सामना झाला तो हात मिळवून वर निघून जातो. असे प्रसंग या शिबिरांतून नित्य घडतात, आणि प्रत्येक वेळीं उत्तर असेंच येतें असें मानण्याचें कारण नाहीं. कधीं मुलगा “होय” म्हणून मोकळा होतो आणि रात्रीं अंधारांत छताकडे पाहत पडतो. शिकवण दोन्हींतून मिळते. दुसऱ्या वाटेनें ती जरा उशिरा पोंचते, इतकेंच.

कोणी म्हणेल, इंचा-अर्ध्या इंचाचा हा सूक्ष्म विचार खेळांत कशाला? त्याचें उत्तर अमेरिकेच्याच इतिहासांत, व्हर्जिनिया प्रांतांतील लिंचबर्ग गांवीं सांपडतें. तेथें रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन नांवाचे कृष्णवर्णीय डॉक्टर राहत. गोऱ्यांच्या क्लबांत आणि सार्वजनिक बागांतील कोर्टांवर कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. त्यांनीं १९१६ सालीं आपली निराळी टेनिससंस्था स्थापिली होती, आणि तिच्या स्पर्धा पुष्कळदां कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांच्या आवारांत भरत. कारण हॉटेलें त्यांना उतरूं देत नसत, पण महाविद्यालयांत उन्हाळ्यांत कोर्टेंही असत आणि निजावयास खोल्याही. १९४६ सालीं ओहायोंतील विल्बरफोर्स येथें अशाच स्पर्धेंत ॲल्थिया गिब्सन ही तरुणी अंतिम सामन्यांत हरली. तरीही डॉक्टर जॉन्सन आणि त्यांचे स्नेही डॉक्टर ह्यूबर्ट ईटन यांनीं तिच्यांतील गुण ओळखले आणि तिच्या शिक्षणाचा भार उचलला. अकरा वर्षांनीं, १९५७ सालीं, तिनें विंबल्डन जिंकलें.

डॉक्टर जॉन्सन यांनीं आपल्या घराशेजारीं कोर्ट बांधून उन्हाळ्यांत मुलांना राहावयास बोलाविलें. १९५१ सालीं शार्लट्सव्हिल येथें व्हर्जिनिया विद्यापीठाच्या आवारांत होणाऱ्या शालेय मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत त्यांनीं दोन कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश मिळवून दिला. तीं मुलें लवकरच हरून परतलीं. डॉक्टरांनीं तक्रार केली नाहीं. शिकवणी अधिक कडक केली. त्यांचा एक नियम असा कीं, प्रतिपक्षाचा चेंडू रेषेच्या किंचित् बाहेर पडला तरी तो आंत पडला असें समजून खेळावयाचें. वाद घालावयाचा नाहीं, कपाळाला आठी पाडावयाची नाहीं. यांत भलेपणापेक्षां दूरदृष्टि अधिक होती. वर्णद्वेषानें भरलेल्या त्या प्रांतांत कृष्णवर्णीय मुलाची एक तक्रार त्याला कोर्टाबाहेर काढण्यास पुरेशी झाली असती. तें निमित्तच कोणाला मिळूं नये, हा त्या नियमाचा हेतु होता. हा नियम अन्यायांतून जन्मला होता हें विसरतां येत नाहीं. ज्यांच्या हातीं सत्ता होती त्यांच्याकडून कोणी असा दोन इंचांचा त्याग मागितला नव्हता.

या शिबिरांत रिचमंड शहरांतून आर्थर ॲश नांवाचा एक काडीसारखा कृश मुलगा दहा वर्षांचा असतांना आला आणि पुढें दर उन्हाळ्यांत येत राहिला. १९६१ सालीं शालेय मुलांचें तें राष्ट्रीय विजेतेपद त्यानें मिळविलें. १९६८ सालीं तो अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेंत आणि १९७५ सालीं विंबल्डनला विजयी झाला. कोर्टावरील त्याचा शांत स्वभाव जगभर वाखाणला गेला. त्या शांतपणाची किंमत लिंचबर्गच्या उन्हाळ्यांत दिली गेली होती, हें मात्र फार थोड्यांच्या ध्यानांत आलें. ॲशनें १९६९ सालीं दोन सहकाऱ्यांसह गरीब वस्त्यांतील मुलांसाठीं टेनिसची राष्ट्रीय चळवळ सुरू केली, ती त्याला या ऋणाची जाणीव होती म्हणूनच.

आजच्या विद्यापीठीय शिबिरांत या गोष्टीची आठवण ठेवणें अगत्याचें आहे. तेथें राहणाऱ्या मुलाची आठवड्याची फी हजार डॉलरांच्या वर सहज जाते, आणि आईबापांच्या मनांत महाविद्यालयीन शिष्यवृत्तीचें स्वप्न असतें. स्त्रीपुरुषांना शिक्षणांत समान संधि देणारा कायदा १९७२ सालीं झाल्यापासून मुलींच्या घरींही हें स्वप्न पडूं लागलें आहे. स्वप्न वाईट नाहीं, परंतु एका आठवड्यांत कोणी विजेता होत नाहीं. सर्व्हिस सुधारली तरी महिन्याभरांत जुनी खोड परत येते. ज्यांना केवळ फटके विकत घ्यावयाचे असतील त्यांना हा सौदा महागच पडेल.

मोठ्या स्पर्धांतून आतां रेषेचा निर्णय यंत्रें देऊं लागलीं आहेत. १८७७ पासून चालत आलेल्या विंबल्डननें २०२५ सालीं रेषापंचांना निरोप दिला. यंत्राचा डोळा माणसाहून तीक्ष्ण आहे आणि त्याला कोणाच्या जयपराजयाशीं कर्तव्य नाहीं. तेव्हां मोठ्यांच्या खेळांत तें सोयीचेंच झालें. विद्यापीठाच्या आवारांतील मुलांच्या कोर्टावर मात्र यंत्र नसतें, पंच नसतो आणि आईही कुंपणाच्या फार पलीकडे, आपल्या गांवीं असते.

शुक्रवारीं मोटारी परत येतात. खाटेवरील चादर गुंडाळली जाते, खोलींतला सोबती पत्ता देतो. वाटेंत वडील विचारतात, “कितव्या कोर्टापर्यंत पोंचलास?” मुलगा आंकडा सांगतो. तो त्यांच्या अपेक्षेहून खालचा असतो. वडील “बरें, पुढच्या वर्षीं पाहूं” म्हणून गाडी सुरू करतात. बुधवारच्या दुपारीं तो एक कोर्ट खालीं कां आला, हें त्यांना ठाऊक नसतें. मुलगाही तें सांगत नाहीं. तो खिडकींतून मागें पडणाऱ्या कोर्टांकडे आणि त्यांवरील पांढऱ्या रेषांकडे पाहत राहतो.