मोत्याची तहान

श्रोतेहो, कुत्र्याच्या शेपटीखालच्या जागेबद्दल रेडिओवर बोलायचं म्हणजे जरा अवघडच. पण तिथं बघायचा संकोच आमच्या मोत्याच्या जिवावर बेतला होता, म्हणून बोलतो.

मोत्या आमच्या आंब्याच्या बागेचा राखणदार. आम्ही कोकणी मुसलमान, शाफई पंथाचे. कुत्र्याची लाळ लागली तर सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीनं, हा दंडक. राखणीसाठी कुत्रा ठेवायला मुभा, पण घराबाहेर. त्यामुळे अकरा वर्षं त्याचा मुक्काम पडवीत. अम्मा त्याला कधी शिवली नाही. पण तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याचे गुन्हे माफ झाल्याची हदीस तिला ठाऊक. मोत्याचं भांडं तिनं कधी रिकामं राहू दिलं नाही.

एका मे महिन्यात ती म्हणाली, "दिवसातून दोनदा भरायचे, आता आठदा भरते रे."

"उन्हाळा आहे, अम्मा."

पाऊस सुरू झाला तरी भांडं आठदाच. "आता कुठलं ऊन?" तिनं विचारलं.

एका डॉक्टरांनी मूत्रपिंडाचं औषध दिलं. महिना गेला. दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, कॅल्शियम भलतंच वाढलेलं निघालं. त्यांनी हातमोजा चढवला, बोटाला वंगण लावलं आणि मागून तपासलं. मी तोंड फिरवून उभा. डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ होती.

कुत्र्याच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, घड्याळातल्या चार आणि आठच्या जागी, एकेक लहान पिशवी असते. तिच्यातल्या उग्र वासाच्या द्रवावरून कुत्री एकमेकांना ओळखतात. म्हातारपणी कधीकधी या पिशवीच्या ग्रंथींना कर्करोग होतो. बाहेरून बरेचदा काहीच दिसत नाही. काही गाठी असा एक पदार्थ रक्तात सोडतात की कॅल्शियम चढतं, मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही, आणि जनावर पाणी पीत सुटतं. मोत्याची तहान उन्हाची नव्हतीच.

शस्त्रक्रियेसाठी त्याला शहरात न्यावं लागलं. आधी छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी. हा रोग पहिल्यांदा पसरतो तो कमरेच्या कण्याखालच्या लसिकाग्रंथींत. मोत्याची एक ग्रंथी सुजलेली होती. म्हणजे जखमा दोन: एक शेपटीखाली, दुसरी पोटावर. पोटातली ग्रंथी मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटून असते, तिथं रक्तस्रावाचं भय. आणि पिशवी असते शौच आवरणाऱ्या स्नायूंच्या मधोमध. स्नायू किंवा त्याची नस दुखावली, तर कुत्र्याचा ताबा जातो. "एकाच बाजूचं काढायचंय, बहुतेक ताबा राहील," शस्त्रवैद्य म्हणाले. ते 'बहुतेक' मला रात्रभर टोचत होतं. कवीला असे शब्द नको तिथं टोचतात. दोन दिवस सलाइन देऊन कॅल्शियम खाली आणलं, मग भूल दिली.

शस्त्रक्रिया पार पडली. खरा पेच त्यानंतरचा. ऐन पावसात पडवीत चिखल आणि माश्या; टाके निघेपर्यंत जखम कोरडी राहायला हवी होती. मी गप्प होतो. अम्मानंच मुसल्ला उचलला, माडीवर नेला आणि म्हणाली, "मागची खोली त्याला दे. मी वर नमाज पढेन."

चौदा दिवस तो गळ्यात प्लास्टिकची कॉलर घालून त्या खोलीत. शौचाला जोर लागू नये म्हणून भात आणि लाल भोपळा. पहिल्या आठवड्यात दोनदा फरशी खराब झाली. मी निमूटपणे धुतली. तिसऱ्या आठवड्यात तो दाराशी जाऊन भुंकला, बाहेर सोडा म्हणून. एवढा सुरेल आवाज मी मुशायऱ्यातही ऐकलेला नाही. भांडं पुन्हा दोनदा भरू लागलं.

ग्रंथीतही रोग निघाला, म्हणून किमोथेरपीचे चार डोस झाले. मोत्यानं पुढचा आंब्याचा हंगाम राखला, त्यापुढच्या मोहोरापर्यंत तो होता. गाठ लहान असताना, ग्रंथीत जाण्याआधी सापडली असती, तर याहून जास्त मिळाला असता; अशी कुत्री दोन-तीन वर्षंही काढतात. त्यासाठी लागतं ते एक हातमोज्यातलं बोट, म्हाताऱ्या कुत्र्याच्या प्रत्येक तपासणीत.

परवा शेजारच्या बागेतला म्हातारा कुत्रा लस टोचायला निघाला होता. अम्मा अंगणातूनच त्याच्या मालकावर ओरडली, "अरे, डॉक्टरला मागून पण बघायला सांग!"