गणित आणि आत्मविश्वास
(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



परीक्षेचा निकाल लागला की पुष्कळ घरांतून एक वाक्य ऐकू येते : "बाकी विषय ठीक आहेत, गणिताने घात केला." आणि लगेच दुसरे : "आपल्या घराण्यात गणित कोणाला जमलेच नाही." मूल हे ऐकत असते. गणित आपल्या नशिबात नाही, अशी त्याची समजूत होते आणि ते वही मिटून ठेवते.

आत्मविश्वासामुळे गुण मिळतात, की गुणांमुळे आत्मविश्वास येतो? शिक्षणतज्ज्ञांच्या अभ्यासातून दिसते ते असे की दोन्ही एकमेकांना वाढवतात. तथापि नुसत्या विश्वासाने उत्तर बरोबर येत नाही. २०१९ सालच्या 'टिम्स' या आंतरराष्ट्रीय चाचणीत जपान व दक्षिण कोरियाची मुले गणितात अग्रभागी होती. परंतु गणिताविषयी पक्का विश्वास सांगणारी त्यांच्यात थोडीच होती. मात्र एकाच देशातील मुलांची तुलना केली, तर ज्यांना विश्वास अधिक त्यांचे गुणही सर्वसाधारणपणे अधिक आढळतात.

मुलींच्या बाबतीत विशेष सांगावयाचे आहे. २०१२ साली सुमारे ६५ देश व प्रदेशांतील १५ वर्षांच्या मुलामुलींची 'पिसा' चाचणी झाली. तीत असे दिसून आले की मुलांइतकेच गुण मिळवणाऱ्या मुलींनाही स्वतःच्या गणिताविषयी मुलांपेक्षा कमी खात्री वाटते. म्हणजे येथे उणीव बुद्धीची नाही.

१९७७ साली तेहरान येथे जन्मलेल्या मरियम मिर्झाखानी यांचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षी त्यांना गणितात यश आले नाही. त्यांच्यात विशेष गुण आहे असे शिक्षकांना वाटले नाही आणि त्यांचीही गोडी उडाली. पुढील वर्षी उत्तेजन देणारे शिक्षक लाभले आणि चित्र पालटले. १९९४ व १९९५ साली आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये त्यांनी सुवर्णपदके मिळवली, दुसऱ्या खेपेस तर पूर्ण गुणांसह. २०१४ साली फील्ड्स पदक मिळवणाऱ्या त्या जगातील पहिल्या महिला ठरल्या. २०१७ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. त्या पहिल्या वर्षीच घरच्यांनी "हिला गणित झेपत नाही" असा निकाल देऊन टाकला असता तर?

मग हा विश्वास आणायचा कोठून? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडले की स्वतः काम पार पाडल्याचा अनुभव हाच त्याचा सर्वांत मोठा आधार. कोरडी शाबासकी फार दिवस पुरत नाही. आठवीत बीजगणित अडते, तेव्हा पुष्कळदा खरी अडचण पाचवीच्या अपूर्णांकांत असते. एखादा मुलगा १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ लिहितो. त्याला रागावू नका. विचारा, "अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला, तर ती अर्ध्यापेक्षा कमी कशी झाली?" तो थांबेल, विचार करील आणि ५/६ पर्यंत येईल. स्वतःची चूक स्वतः शोधल्याचा हा आनंद पुढील उदाहरणाला हात घालण्याचे बळ देतो.

पालकांनो, आपणांस गणित येत नसेल तरी हरकत नाही. रोज अर्धा तास मुलाजवळ बसा आणि "हे तू कसे सोडवलेस, मला समजावून सांग" एवढेच म्हणा. शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. मुलीच्या अभ्यासाची वेळ घरकामात जाऊ देऊ नका.

विद्यार्थी मित्रांनो, सोडवलेले उदाहरण नुसते वाचू नका; पुस्तक मिटून ते पुन्हा स्वतः सोडवा. जेथे अडते त्या इयत्तेपर्यंत मागे जाण्यात कमीपणा मानू नका. पाया पक्का झाला की विश्वास येतो, आणि विश्वास आला की अवघड उदाहरणाजवळ थोडा अधिक वेळ थांबण्याचे धैर्य येते.